कर्ता कोठे गेला?

इंग्रजी व्याकरणाच्या प्रश्नपत्रिकेत ‘प्रयोग बदला’ हा प्रश्न दिसला की पुष्कळ विद्यार्थ्यांचे चेहरे खुलतात. निबंधासारखे त्यात काही सुचावे लागत नाही, की शब्दार्थांसारखे पाठांतर करावे लागत नाही. नियम ठरलेले असतात. वाक्य हाती घ्यावे, त्याची उलटापालट करावी आणि पुढच्या वाक्याकडे वळावे. समीकरणातले पद एका बाजूचे दुसऱ्या बाजूस न्यावे, तसे येथेही इकडचे तिकडे गेले म्हणजे काम झाले, अशी बहुतेकांची समजूत असते. गुणही पदरात पडतात. तथापि जो प्रकार इतका सोपा वाटतो, त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे, आणि तो केवळ व्याकरणापुरता नाही. वाक्याची अशी उलटापालट झाल्यावर, जो काम करणारा होता तो कोठे गेला, हा तो प्रश्न होय.

प्रथम ही उलटापालट कशी होते ते पाहणे इष्ट आहे. ‘दि गार्डनर वॉटर्स दि प्लँट्स’, म्हणजे माळी रोपांना पाणी घालतो, हे एक साधे इंग्रजी वाक्य आहे. येथे माळी हा कर्ता आणि रोपे हे कर्म. अशा रचनेस इंग्रजीत ‘अ‍ॅक्टिव्ह व्हॉइस’ म्हणतात. आता रोपांना वाक्याच्या आरंभी आणावयाचे, ‘टु बी’ ह्या क्रियापदाचे योग्य ते रूप घ्यावयाचे, त्यास मूळ क्रियापदाचे तिसरे रूप जोडावयाचे, आणि माळ्यास ‘बाय’ ह्या शब्दाच्या आधाराने शेवटी उभे करावयाचे. एवढे केले की ‘दि प्लँट्स आर वॉटर्ड बाय दि गार्डनर’ असे ‘पॅसिव्ह व्हॉइस’चे वाक्य सिद्ध होते. माळी एकटा होता, म्हणून पहिल्या वाक्यातील क्रियापदास शेवटी ‘एस’ लागला होता; रोपे अनेक आहेत, म्हणून दुसऱ्या वाक्यात ‘इज’ न येता ‘आर’ आले. मूळ वाक्याचा काळ मात्र बदलता कामा नये. साध्या भूतकाळी ‘वॉज’ किंवा ‘वेअर’, भविष्यकाळी ‘विल बी’, क्रिया चालू असेल तर ‘बीइंग’ आणि पूर्ण झाली असेल तर ‘बीन’, एवढी पथ्ये पाळली की हे यंत्र बिनबोभाट चालते. मराठी मुलांना एक गंमत मात्र चकविते. ‘आय’ हा कर्ता शेवटी गेला की त्याचा ‘मी’ होतो. हा इंग्रजीतला ‘मी’ कर्त्याच्या आसनावर कधी बसत नाही, आणि मराठीतला ‘मी’ ते आसन सहसा सोडत नाही!

ह्या यंत्रालाही मर्यादा आहेत. ‘बर्ड्स फ्लाय’, म्हणजे पक्षी उडतात, ह्या वाक्यात कर्मच नाही. तेव्हा पुढे आणावयाचे कोणाला? असे वाक्य बदलत नाही. कर्म असूनही काही क्रियापदे हटून बसतात. ‘त्याच्याजवळ लेखणी आहे’ हे इंग्रजीत ‘ही हॅज अ पेन’ असे होते, पण लेखणीला पुढे आणून त्याचे ‘पॅसिव्ह’ करता येत नाही. उलट कोठे कोठे एकाऐवजी दोन वाटा मोकळ्या असतात. गुरुजींनी मुलास पुस्तक दिले, ह्या अर्थाच्या इंग्रजी वाक्यात पुस्तकालाही पुढे आणता येते आणि मुलालाही. ‘अ बुक वॉज गिव्हन टु दि बॉय’ हे जसे शुद्ध, तसेच ‘दि बॉय वॉज गिव्हन अ बुक’ हेही शुद्ध. आणि कित्येक रूपांतरे अशी, की ती प्रश्नपत्रिकेबाहेर फारशी भेटत नाहीत. ‘ओपन दि डोअर’ ह्या आज्ञेचे ‘लेट दि डोअर बी ओपन्ड’ असे रूपांतर मुले करतात. परंतु दारावर थाप पडली असता कोणीही इंग्रज गृहस्थ घरातल्या माणसाला असे म्हणणार नाही.

हे नियमही अनादिकाळापासून चालत आलेले नाहीत. ‘घर बांधले जात आहे’ ह्या अर्थी आज इंग्रजीत ‘दि हाउस इज बीइंग बिल्ट’ असे म्हणतात. पूर्वी तेथे ‘दि हाउस इज बिल्डिंग’ असे म्हणण्याचा प्रघात होता. शब्दशः पाहिले तर त्याचा अर्थ ‘घर बांधत आहे’ असा होतो. जणू घरच हातात थापी घेऊन उभे आहे! अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘इज बीइंग बिल्ट’ ही नवी रचना लेखनात दिसू लागली, आणि एकोणिसाव्या शतकात काही पंडितांनी ती बोजड व अशुद्ध म्हणून तिची निर्भर्त्सना केली. पण लोकांनी तीच पत्करली. कारण तिच्यात घर हे बांधणारे नसून बांधले जाणारे आहे, ही गोष्ट निःसंदिग्ध होते. काम कोणी केले आणि कोणावर झाले, हे स्पष्ट राहावे, अशी भाषेचीही आंतरिक ओढ असते, हे यावरून दिसते.

मराठी विद्यार्थ्याच्या वाट्याला ह्या अभ्यासात एक निराळी अडचण येते. ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे कर्तरी आणि ‘पॅसिव्ह’ म्हणजे कर्मणी, असे त्यास सांगितलेले असते. हे समीकरण सोयीचे असले, तरी पुरते खरे नाही. ‘सीता आंबा खाते’ हा मराठीत कर्तरी प्रयोग. तीच गोष्ट काल घडली म्हणजे ‘सीतेने आंबा खाल्ला’ असे म्हणावे लागते, आणि तो कर्मणी प्रयोग होतो. कारण क्रियापद आता सीतेकडे न पाहता आंब्याकडे पाहते. सीतेने चिंच खाल्ली, पेरू खाल्ला, बोरे खाल्ली. खाणारी तीच, पण क्रियापदाचे रूप खाद्याप्रमाणे पालटत जाते. इंग्रजीत मात्र ‘सीता एट अ मँगो’ हे वाक्य सरळसरळ ‘अ‍ॅक्टिव्ह’च आहे. मराठी वाक्य कर्मणी आहे, एवढ्यावरून त्याचे ‘अ मँगो वॉज ईटन बाय सीता’ असे भाषांतर केले, तर ते व्याकरणदृष्ट्या चुकत नाही. पण कोणी असे का बोलेल, असा प्रश्न इंग्रजी वाचकास पडेल. भावे प्रयोग तर आणखी वेगळा. ‘शिक्षकांनी मुलींना बोलाविले’ ह्या वाक्यात क्रियापद शिक्षकांचेही ऐकत नाही आणि मुलींचेही नाही. ते आपले नपुंसकलिंगी एकवचनात स्वतंत्र उभे राहते. असा प्रकार इंग्रजीत मुळीच नाही.

ह्याचे कारण, दोन्ही भाषांतील व्याकरणाचा प्रश्नच मुळात भिन्न आहे. मराठीतील प्रयोग विचारतो, क्रियापद कोणाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते? इंग्रजीतील ‘व्हॉइस’ विचारतो, वाक्याच्या अग्रस्थानी काम करणारा बसला आहे, की ज्यावर काम झाले तो? कर्तरी, कर्मणी व भावे ह्या संज्ञा मराठीस संस्कृत व्याकरणाकडून मिळाल्या. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, आणि मोरो केशव दामले यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा ग्रंथ १९११ साली निघाला. त्या पिढ्यांतील विद्वानांनी प्रयोगांविषयी पुष्कळ वाद केले. कारण मराठीची प्रकृती धड संस्कृताच्याही चौकटीत बसत नव्हती आणि धड इंग्रजीच्याही नाही. इंग्रजी ‘पॅसिव्ह’ला जवळची अशी मराठी रचना म्हणजे ‘चोर पोलिसांकडून पकडला गेला’ ही होय. तिला व्याकरणात नवीन कर्मणी असे नाव आहे. यावरून कर्मणी प्रयोगच इंग्रजीने दिला असे मात्र कोणी समजू नये. ‘कीजे’, ‘बोलिजे’ यांसारखी रूपे जुन्या मराठीत होतीच.

मग इंग्रजी भाषेला ह्या उलटापालटीची इतकी गरज का वाटावी? ‘रामाने रावणाला मारले’ हे मराठी वाक्य घ्यावे. त्यातील शब्द फिरवून ‘रावणाला रामाने मारले’ असे केले, तरी मारणारा रामच राहतो. कारण ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय ज्याच्या त्याच्या कपाळी टिळ्यासारखे लावलेले असतात. जागा बदलली, तरी ओळख बदलत नाही. इंग्रजीत ‘राम किल्ड रावण’ ह्या वाक्यातील नावांची नुसती अदलाबदल केली, तर ‘रावण किल्ड राम’ असे होऊन सगळे रामायणच उलटे होईल! सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते. पुढे ते झिजले, आणि कोण कर्ता व कोण कर्म हे सांगण्याचे काम बव्हंशी शब्दांच्या क्रमाकडे आले. म्हणून रावणाविषयी बोलताना त्याचे नाव आधी घ्यावयाचे असेल, तर इंग्रजीला क्रियापदाची सगळी मोट नव्याने बांधावी लागते, आणि ‘रावण वॉज किल्ड बाय राम’ असे म्हणावे लागते. जे मराठीत शब्द पुढेमागे करून साधते, त्यासाठी इंग्रजीने हे साधन जवळ केले.

अग्रस्थानी कोणाला बसवावयाचे, हे बोलणाराच्या मनातील विषयावर अवलंबून असते. एखाद्या मुलास कुत्रा चावला, तर त्याची आई डॉक्टरांकडे धावत येऊन कुत्र्याची कथा सांगत नाही. तिच्या वाक्यात मूल आधी येते. इंग्रजीत ‘दि बॉय वॉज बिटन बाय अ डॉग’ हे वाक्य अशा वेळी अगदी स्वाभाविक आहे. तीच वार्ता शेजारच्या गृहस्थाने आपल्या कुत्र्यावर रागावून सांगितली, तर तो ‘दि डॉग बिट दि बॉय’ असेच म्हणेल. घटना एकच, पण लक्ष निरनिराळ्या ठिकाणी. यास्तव एक रचना चांगली आणि दुसरी वाईट, असे सरसकट म्हणता येत नाही.

परंतु ह्या रूपांतराचे खरे सामर्थ्य कर्त्यास मागे नेण्यात नसून, त्यास अजिबात वगळता येते यात आहे. ‘दि गार्डनर वॉटर्स दि प्लँट्स’ ह्या वाक्यातून माळ्यास काढले, तर वाक्य कोसळते. ‘दि प्लँट्स आर वॉटर्ड बाय दि गार्डनर’ ह्यातून शेवटचे तीन शब्द काढले, तरी वाक्य सुखाने उभे राहते. रोपांना पाणी मिळते; देणारा मात्र दृष्टीआड होतो.

अशी वगळणूक पुष्कळदा योग्यच असते. रात्री घरात चोरी झाली, चोर कोण ते ठाऊक नाही. तेव्हा त्याचे नाव कोठून सांगावे? पत्रे वाटली जातात, ती टपालवाला वाटतो हे सर्वांना ठाऊकच असते. शास्त्रीय प्रयोगाच्या वहीत ‘परीक्षानळी तापविली गेली’ असे लिहितात, त्यालाही कारण आहे. नळी कोणीही तापविली तरी फळ तेच यावे, हा शास्त्राचा दंडक आहे. तेथे तापविणाराच्या नावाला महत्त्व नाही. अर्थात शास्त्रज्ञांनी ‘आम्ही’ म्हणूच नये, असाही नियम नाही. डीएनए ह्या द्रव्याची रचना सुचविणारा वॉट्सन व क्रिक यांचा सुप्रसिद्ध लेख १९५३ साली ‘नेचर’ ह्या नियतकालिकात आला, त्याचा आरंभच ‘आम्ही’ ह्या शब्दाने झालेला आहे. जेथे एक नवा विचार मांडून त्याची जबाबदारी घ्यावयाची होती, तेथे त्यांनी कर्त्याला पुढे उभे केले.

बिहारमध्ये मोतीहारी येथे जन्मलेले इंग्रजी लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ साली राजकारण आणि इंग्रजी भाषा ह्या विषयावर एक निबंध लिहिला. कर्तरी रचना शक्य असेल तेथे ‘पॅसिव्ह’ वापरू नये, असा उपदेश त्यांनी त्यात केला. गंमत अशी की, त्याच निबंधात त्यांनी स्वतः ती रचना अनेक ठिकाणी वापरली आहे, हे पुढे भाषेच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. तरीही त्यांच्या उपदेशामागील तळमळ खोटी ठरत नाही. सत्ताधाऱ्यांची भाषा धूसर झाली की त्या धुक्यात माणसांचे सुखदुःख आणि करणाराचे उत्तरदायित्व ही दोन्ही हरवतात, असे त्यांचे सांगणे होते.

ह्याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात सापडते. इराणला गुप्तपणे शस्त्रे विकल्याचे प्रकरण १९८६ च्या अखेरीस उघडकीस आले. २७ जानेवारी १९८७ रोजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी अमेरिकन काँग्रेसपुढे भाषण केले. आपण एक धोका पत्करला, तो सफल झाला नाही आणि त्याची पूर्ण जबाबदारी आपली आहे, हे त्यांनी सरळ ‘आय’ हा कर्ता घेऊन सांगितले. पण लगेच पुढे, प्रत्यक्ष चुकांचा उल्लेख करताना, ‘सीरियस मिस्टेक्स वेअर मेड’ असे शब्द आले. म्हणजे गंभीर चुका केल्या गेल्या. कोणी केल्या? वाक्य तेथेच संपले होते. धोका पत्करणारा ‘मी’ होता. चुकांना मात्र कोणी धनी उरला नव्हता. पुढे ४ मार्च १९८७ च्या भाषणात त्यांनी स्वतःच्या व आपल्या शासनाच्या कृत्यांची जबाबदारी पुन्हा ‘आय’ म्हणूनच स्वीकारली. त्यापूर्वीही आणि त्यानंतरही अनेक देशांतील अधिकारी पुरुषांच्या तोंडी ‘मिस्टेक्स वेअर मेड’ हे वाक्य आलेले आहे. त्यातील व्याकरण निर्दोष असते. उणीव असते ती फक्त एका नावाची.

मात्र हा दोष इंग्रजीवर किंवा एकट्या ‘पॅसिव्ह’वर टाकून मोकळे होणे न्यायाचे नाही. कचेरीतील मराठी सूचनांत ‘कळविण्यात येते’, ‘निर्णय घेण्यात आला’, ‘अर्ज नामंजूर करण्यात आला’ अशी वाक्ये पानोपानी आढळतात. अर्ज कोणी नामंजूर केला, हे त्या बिचाऱ्या अर्जदारास शेवटपर्यंत कळत नाही. मग दाद तरी त्याने कोणाकडे मागावी? आणि कचेरीपर्यंत तरी कशाला जावे? घरात कपबशीचा आवाज होतो. आई धावत येते आणि ‘काय झाले?’ म्हणून विचारते. ‘कप फुटला,’ असे उत्तर मिळते. व्याकरण पाहिले तर हा शुद्ध कर्तरी प्रयोग! कप हा कर्ता आणि फुटणे ही त्याची क्रिया. फोडणे आणि फुटणे, पाडणे आणि पडणे, सांडणे आणि सांडले जाणे, अशा जोड्यांमध्ये मराठीने कर्त्यास निसटून जाण्यासाठी पुष्कळ दारे ठेवलेली आहेत. त्या घरातील मुलास इंग्रजीतील प्रयोग बदलता येत नसतील. पण कर्त्यास लपविण्याची कला त्यास कोणी शिकवावी लागलेली नाही.

म्हणून ‘प्रयोग बदला’ ह्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना ‘बाय’ ह्या शब्दापाशी क्षणभर थांबण्याची सवय विद्यार्थ्यास लागली, तर ती व्याकरणाच्या गुणांहून मोलाची ठरेल. ‘बाय’पुढचे नाव गाळले, तर ते का गाळले? ठाऊक नाही म्हणून, सांगण्याची गरज नाही म्हणून, की सांगण्याचे धैर्य नाही म्हणून? पहिल्या दोन कारणांनी नाव गाळणे ही भाषेची काटकसर होय. तिसऱ्या कारणाने गाळणे ही अप्रामाणिकता होय, मग वाक्य कितीही शुद्ध असो.

कर्त्याने मागे सरावे, पण नाहीसे होऊ नये, ह्याचा एक सुंदर नमुना रायगडावर पाहावयास मिळतो. १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ज्या गडावर झाला, त्याच्या बांधकामाचा भार हिरोजी इंदुलकर यांनी वाहिला होता. तेथील जगदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर एक संस्कृत शिलालेख आहे. त्यातील रचना कर्मणी आहे. अग्रस्थानाचा मान निर्मितीला, आणि हिरोजींचे नाव तृतीया विभक्तीत, म्हणजे ‘हिरोजीकडून’ अशा अर्थाने आलेले आहे. मंदिराच्या पायरीवरही, दर्शनास येणाऱ्यांच्या पावलांखाली यावे अशा ठिकाणी, सेवेस तत्पर असलेल्या ह्या सेवकाचे नाव कोरलेले आहे. एवढा गड उभारणारा पुरुष वाक्यात मागे उभा राहिला आणि मंदिरात पायरीशी राहिला. पण त्याने आपले नाव पुसू दिले नाही. उद्या बांधकामात काही उणे निघाले असते, तरी विचारावयाचे कोणाला, हे दगडावरच लिहिलेले होते.

श्रेय घेण्याची वेळ आली असता कर्त्याने वाक्याच्या शेवटी जाऊन उभे राहावे, हे त्यास शोभते. चुकीचा जाब देण्याची वेळ आली, की मात्र त्याने अग्रस्थानी यावे आणि ‘हे मी केले’ असे म्हणावे. इंग्रजीत काय अथवा मराठीत काय, ह्या दोन्ही प्रकारच्या वाक्यांची रचना पुस्तकातून शिकता येते. कोणत्या प्रसंगी कोणते वाक्य उच्चारावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.